विश्लेषण : रिक्षालाही हँडलच असते, मग बाइकचे लायसन्स का चालत नाही?

बदलापूर पूर्वेला खरवईच्या परिसरात एमआयडीसीचे कारखाने आहेत आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतीही. कारखान्याची पाळी सुटल्यावर स्टेशन गाठायला आणि संध्याकाळच्या लोकलमधून उतरल्यावर घर गाठायला बहुतेकांना आधार असतो तो शेअर रिक्षाचा. ही रिक्षा दिवसभर एकाच माणसाच्या हातात असते असे नाही. सकाळी मालक स्वतः चालवतो, दुपारनंतर ती शिफ्टवर दुसऱ्याकडे जाते, कधी घरातलाच भाऊ किंवा भाचा संध्याकाळच्या चार फेऱ्या मारून येतो.

समजा, असाच एक भाचा आहे. त्याच्या खिशात गिअरच्या मोटरसायकलचे पक्के लायसन्स आहे आणि पाच वर्षे तो बाइक चालवतो आहे. रिक्षालाही हँडलच आहे, क्लच डाव्या मुठीत, गिअरही त्याच मुठीने बदलायचे. त्यामुळे मामाला वाटते, पोराकडे लायसन्स आहे, काम झाले. एके दिवशी पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाच्या उतारावर एका पादचाऱ्याला धक्का लागतो, पाय मोडतो, प्रकरण मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे जाते. तिथे विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी विचारतो, चालकाकडे कोणत्या वाहनाचे लायसन्स होते? या एका प्रश्नाच्या उत्तरावर भरपाई शेवटी कंपनीच्या तिजोरीतून जाणार की मामाच्या खिशातून, हे ठरू शकते.

कायदा चाके मोजतो का?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘तीनचाकी मोटरसायकल’ असा प्रकारच नाही. कलम २ मध्ये मोटरसायकलची व्याख्या दोन चाकांचे मोटार वाहन अशी आहे. त्याच व्याख्येत एक सूट दिली आहे. वाहनाला जोडलेली, काढता-घालता येणारी आणि जादा चाक असलेली साइडकार असेल तरी ती मोटरसायकलच राहते. म्हणजे जुन्या हिंदी सिनेमात दिसणारी साइडकारवाली बुलेट रस्त्यावर तीन चाकांवर धावत असली तरी कायद्याच्या नजरेत ती दुचाकी आहे आणि तिला मोटरसायकलचे लायसन्स पुरते.

रिक्षाचे तिसरे चाक काढता येत नाही. ती तीन चाकांवरच बांधलेली, भाडे घेऊन प्रवासी नेणारी गाडी आहे. चालक सोडून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणाऱ्या वाहनाला कायदा ‘मोटारकॅब’ म्हणतो आणि रिक्षा त्यातच बसते. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले प्रवासी किंवा मालवाहू वाहन हे हलके मोटार वाहन, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांत ‘एलएमव्ही’. रिक्षाचे वजन या मर्यादेच्या आसपासही जात नाही. त्यामुळे हँडल असूनही लायसन्सच्या हिशेबात ती मोटारगाडीच्या रांगेत उभी आहे, बाइकच्या नाही. एमआयडीसीत माल पोहोचवणाऱ्या तीनचाकी टेम्पोचेही तसेच.

तिसरा प्रकार दिव्यांगांच्या स्कूटरचा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाके बसवलेली स्कूटर बदलापूर-अंबरनाथमध्ये सहज दिसते. तिला साधे दुचाकीचे लायसन्स लागू होत नाही. कायद्यात पूर्वी ‘अपंगांचे वाहन’ असा वेगळा वर्ग होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘अनुकूलित वाहन’ हा वर्ग आला. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी मुद्दाम बनवलेले किंवा बदल केलेले आणि केवळ तिच्यासाठीच वापरले जाणारे वाहन म्हणजे अनुकूलित वाहन. चाके गॅरेजवाला अर्ध्या दिवसात बसवून देतो. तो बदल परिवहन कार्यालयाकडून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो आणि लायसन्सही त्याच वर्गाचे काढावे लागते. अशी स्कूटर घरातल्या धडधाकट माणसाने बाजारहाटासाठी नेली, तर ‘केवळ तिच्यासाठीच’ ही अट मोडते.

इतर देशांनी ही रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. ब्रिटनमध्ये एके काळी रिलायंट कंपनीची हलकी तीनचाकी मोटार मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता येत असे. कमी पैशात कुटुंबासाठी छप्पर मिळते म्हणून कामगारवर्गात ती खपली. जानेवारी २०१३ पासून तिथे नव्याने कारचे लायसन्स काढणाऱ्याला तीनचाकी चालवण्यासाठी मोटरसायकलचे पूर्ण लायसन्स लागते, दिव्यांगांचा अपवाद सोडून. फ्रान्समध्ये कारचे लायसन्स असलेल्याला तीनचाकी स्कूटर चालवता येते, मात्र सात तासांचे प्रशिक्षण घेतल्यावरच. भारतात तीनचाकी म्हणजे मुख्यतः पोटापाण्याचे वाहन, त्यामुळे इथला वाद वेगळ्याच मुद्द्यावर झाला.

कारच्या लायसन्सवर रिक्षा चालेल का?

या प्रश्नाचा निकाल लागायला बरीच वर्षे गेली. कायद्याच्या कलम १० मध्ये लायसन्सचे वर्ग दिले आहेत. १९९४ पूर्वी मध्यम आणि अवजड, प्रवासी आणि मालवाहू असे वेगवेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते सगळे काढून ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग केला. परिवहन वाहन म्हणजे भाड्याने प्रवासी किंवा माल नेणारे कोणतेही वाहन. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो रिक्षा, टॅक्सी आणि छोट्या टेम्पोंचा. वजनाने हलके म्हणून ही वाहने ‘एलएमव्ही’मध्येही बसतात आणि भाड्याने चालतात म्हणून ‘परिवहन’मध्येही. परिवहन वर्गाच्या शिकाऊ लायसन्ससाठी आधी एक वर्ष हलक्या वाहनाचे लायसन्स हवे, अशी अट कलम ७ मध्ये आहे. लायसन्सवर ‘ट्रान्सपोर्ट’ची नोंद नसेल तर विमा कंपन्या दावा नाकारू लागल्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सांगितले की हलक्या परिवहन वाहनासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. विमा कंपन्यांना ते पटले नाही. फेरविचाराची मागणी होत होत प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या खटल्यात अंतिम उत्तर मिळाले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठासाठी न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी निकाल लिहिला. ७,५०० किलोच्या आतल्या वाहनाचे एलएमव्ही लायसन्स ज्याच्याकडे आहे, त्याला त्या वजनाचे परिवहन वाहन चालवायला वेगळी परवानगी लागत नाही. जादा पात्रतेच्या अटी त्याहून जड वाहनांसाठी आहेत. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल नेणारी वाहने यांच्या खास अटी मात्र कायम राहतील.

अपघात वाढण्याची भीती विमा कंपन्यांनी मांडली होती. एलएमव्ही लायसन्सवर परिवहन वाहने चालवणाऱ्यांमुळे अपघात वाढतात, असे दाखवणारी आकडेवारी कुणीही समोर ठेवली नाही, याची नोंद न्यायालयाने घेतली. चालकांच्या रोजीरोटीचा विचारही निकालात आहे. निकाल योग्य दिशेचा आहे, कारण एका नोंदीच्या अभावी जखमी माणसाची भरपाई आणि चालकाचा संसार दोन्ही टांगणीला लागत होते.

खरवईच्या त्या भाच्याला या निकालाचा फायदा नाही. निकाल एलएमव्ही लायसन्स असलेल्यांसाठी आहे आणि त्याच्याकडे मोटरसायकलचे आहे. रिक्षा चालवताना तो कायद्याने विनालायसन्सच ठरतो. ‘सुप्रीम कोर्टाने सांगितले, कमर्शियल लायसन्स लागत नाही’ एवढाच अर्धा भाग रिक्षा स्टँडपर्यंत पोहोचतो आणि घोटाळा होतो तो तिथे.

एक शब्द, तीन कागद

घोटाळ्याचे दुसरे कारण भाषेतच आहे. वाहन चालवण्याचा परवाना आणि रिक्षाचा परवाना, या दोन्हींसाठी मराठीत आणि मराठी वर्तमानपत्रांतही एकच शब्द वापरला जातो. परिवहन विभाग आपल्या कागदांवर लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ आणि परमिटला ‘परवाना’ म्हणतो, पण अनुज्ञप्ती हा शब्द कार्यालयाच्या पायऱ्या उतरून खाली आलेला नाही. (परवान्याचा आणखी एक, तिसराच अर्थ रिक्षाच्या जन्माशी जोडलेला आहे. दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना बजाजला केंद्र सरकारकडून १९५९ मध्ये मिळाला, तेव्हा गाडी बनवायलाही सरकारची परवानगी लागत असे.)

लायसन्स माणसाचे असते, परमिट गाडीचे. लायसन्स सांगते की या माणसाला हे वाहन चालवता येते. परमिट सांगते की ही गाडी या हद्दीत भाड्याने फिरू शकते. खरवई, अंबरनाथ, उल्हासनगर हा सगळा पट्टा कल्याणच्या परिवहन कार्यालयाखाली, म्हणजे ‘एमएच ०५’मध्ये येतो. परमिटशिवाय किंवा त्याच्या अटी मोडून भाडे मारणे हा वेगळा गुन्हा आहे. त्याला कलम १९२अ खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चालकाशेजारी चौथी सीट बसवणे हेही परमिटच्या अटीविरुद्धच आहे, लायसन्स कितीही पक्के असले तरी.

रिक्षाच्या परमिटवर १९९७ पासून मुंबई महानगर परिसरात मर्यादा होती. राज्य सरकारने ती जून २०१७ मध्ये उठवली. त्याआधी परमिट हीच दुर्मीळ वस्तू होती, त्यामुळे वादही तिच्याभोवतीच होत. २०१६ मध्ये राज्याने परमिटसाठी मराठीचे ज्ञान सक्तीचे करणारे परिपत्रक काढले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते मार्च २०१७ मध्ये रद्द केले. त्या काळातल्या चर्चांत ‘रिक्षाचालकाच्या लायसन्ससाठी मराठी’ असे सर्रास म्हटले जाई. वाद परमिटचा होता, लायसन्सचा नाही.

तिसरा कागद म्हणजे बॅज. स्टँडवर त्याला कुणी बिल्ला म्हणते, कुणी बॅच. प्रवासी वाहतूक करणाऱ्या चालकाला तो परिवहन कार्यालयाकडून मिळतो आणि त्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. केंद्रीय कायद्याच्या कलम २८ ने परिवहन वाहनांच्या चालकांचे बॅज आणि गणवेश याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. २०२४ च्या निकालात घटनापीठापुढे लायसन्सच्या वर्गाचा प्रश्न होता, बॅजचा नव्हता. म्हणून कारचे लायसन्स असलेल्याने ‘आता काहीच लागत नाही’ असे समजून बॅजविना प्रवासी बसवले, तर तो निकाल त्याच्या मदतीला येणार नाही. प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर या तीन कागदांत त्याच्या सुरक्षेशी सर्वांत जवळचा बॅजच आहे. रात्री शेवटच्या लोकलने उतरून खरवईच्या आतल्या रस्त्याला एकटीने जाणाऱ्या बाईला चालकाच्या लायसन्सवर कोणता वर्ग आहे याच्याशी कर्तव्य नसते. या माणसाची पोलिसांनी चौकशी केली आहे का, एवढेच तिला हवे असते.

शिक्षणाची अट आता राहिलेली नाही. परिवहन वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पास असणे पूर्वी बंधनकारक होते, केंद्राने ते २०१९ मध्ये काढून टाकले.

बॅटरीवरच्या रिक्षाला काय लागते?

इथे दोन वेगळी वाहने एकाच नावाने ओळखली जातात. नेहमीच्या रिक्षासारखीच दिसणारी, तेवढ्याच वेगाने धावणारी पण बॅटरीवरची ती इलेक्ट्रिक ऑटो. तिला लायसन्स नेहमीच्या रिक्षाचेच लागते. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅटरीवरच्या परिवहन वाहनांना परमिटमधून सूट दिली. ‘इलेक्ट्रिकला परवाना लागत नाही’ या वाक्याचा अर्थ एवढाच. परमिट लागत नाही, लायसन्स लागतेच. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे पाहून चालकाला सगळेच माफ आहे असे समजू नये.

दुसरी ती खरी ई-रिक्षा. ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा असलेली, चार प्रवासी नेणारी, हलक्या बांध्याची. तिच्यासाठी २०१५ मध्ये कायद्यात कलम २अ घालण्यात आले. एक वर्ष हलके वाहन चालवल्याची अट तिला नाही. त्याऐवजी किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण आणि त्याचा दाखला लागतो.

ही अट किती मोलाची आहे हे बदलापूरहून कर्जतच्या दिशेने तीन स्टेशने पुढे, नेरळवरून वर चढले की कळते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि माणसाने ओढायच्या हातरिक्षा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचे आदेश दिले. हात-पायांच्या बळावर रिक्षा ओढणाऱ्याला कोणतेच लायसन्स लागत नव्हते. आता त्याच माणसाला लायसन्स काढावे लागते. आधी वर्षभर कार चालवून ये, असे त्याला सांगितले असते तर पुनर्वसन कागदावरच राहिले असते.

अपघात झाला तर कोण भरणार?

पुन्हा त्या उड्डाणपुलाच्या उतारावर येऊ. विनालायसन्स वाहन चालवल्याबद्दल भाच्याला कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच्या हातात गाडी दिल्याबद्दल कलम १८० खाली मामाला तेवढीच शिक्षा आहे, कारण लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देऊ नये ही मालकाची जबाबदारी कलम ५ मध्ये स्वतंत्रपणे सांगितलेली आहे. भाचा अठरा वर्षांखालचा असेल तर मामला फार गंभीर होतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

दंडाची रक्कम मात्र भरपाईपुढे किरकोळ आहे. पाय मोडलेला माणूस कमावता असेल, कायमचे अपंगत्व आले असेल, तर भरपाई लाखांत जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या खटल्यात जखमी माणसाची बाजू सांभाळली. चालकाच्या लायसन्समध्ये दोष आहे एवढ्यावर कंपनीला हात झटकता येत नाहीत. मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अटीचा भंग केला, हे कंपनीने सिद्ध करायला हवे. तसे सिद्ध झाले तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश प्राधिकरण देऊ शकते.

जखमीच्या दृष्टीने हा न्याय आहे. मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की दरवर्षी विम्याचा हप्ता भरूनही रक्कम शेवटी त्याच्याच दारी येते. चालकाने खोटे लायसन्स दाखवून फसवले असेल तर मालकाला बचाव आहे. भाच्याकडे फक्त बाइकचे लायसन्स आहे हे मामाला पहिल्यापासून ठाऊक होते, तेव्हा ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणायची सोय नाही. रिक्षाचे स्वतःचे झालेले नुकसान कंपनी देणार नाही, हे वेगळेच. कर्जाने घेतलेली रिक्षा गॅरेजमध्ये उभी, बँकेचा हप्ता चालू आणि वसुलीची नोटीस हातात, अशी वेळ येते.

हँडलचा प्रश्न उरतोच

भाच्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलायला हवी. नियमाप्रमाणे लायसन्सची चाचणी ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज आहे त्या वाहनावर होते. एलएमव्हीसाठी बहुतेक जण ड्रायव्हिंग स्कूलच्या कारवर चाचणी देतात. २०२४ च्या निकालानंतर असा माणूस, ज्याने आयुष्यात कधी रिक्षाचे हँडल धरलेले नाही, लायसन्सच्या कायद्याने रिक्षा चालवायला पात्र आहे. पाच वर्षे हँडल, मुठीतला क्लच आणि शहरातली गर्दी सांभाळणारा भाचा मात्र अपात्र. दोघेही रिक्षा चालवायला अर्धेच तयार आहेत. कारवाल्याला हँडल, क्लच आणि गिअरची सवय नाही. बाइकवाल्याला वळणावर गाडीबरोबर कलण्याची सवय आहे आणि रिक्षा कलत नाही. पुढे एकच चाक असल्याने जोरात वळताना ब्रेक दाबला की तिचा तोल बाहेरच्या बाजूला जातो. मागे तीन-चार माणसे बसली असतील तर तो धोका वाढतो.

न्यायालयापुढे प्रश्न कायद्याच्या अर्थाचा होता आणि तो त्याने सोडवला. हाताला सवय आहे की नाही, हे तपासण्याची जागा बॅज देणाऱ्या खिडकीवर आहे. चारित्र्याची पडताळणी होते, त्याबरोबर दहा मिनिटे प्रत्यक्ष रिक्षा चालवून दाखवण्याची चाचणी प्रत्येकाची घ्यायला राज्याला अडचण पडू नये. ई-रिक्षाला दहा दिवसांचे प्रशिक्षण लागते आणि तिच्याहून दुप्पट वेगाने धावणारी साधी रिक्षा कारच्या चाचणीवर चालते, ही विसंगती संसदेला किंवा राज्य सरकारला कधीतरी मिटवावी लागेल.

तोवर भाच्यापुढचा मार्ग फार लांबचा नाही. केंद्राच्या ‘सारथी’ संकेतस्थळावरून हलक्या वाहनाचे कच्चे लायसन्स काढायचे, ते सहा महिने चालते. किमान तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते. मधल्या काळात ‘एल’ची पाटी लावून आणि पक्के लायसन्स असलेला माणूस शेजारी बसवून सराव करायचा, स्टँडवर लावून भाडे मारायचे नाही. परिवहन वाहनासाठी कलम ४ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यानंतर पोलीस पडताळणी आणि बॅज. मामाचे काम त्याहून सोपे आहे. गाडी ज्याच्या हाती द्यायची त्याचा लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की ‘परिवहन’ संकेतस्थळावर वाहनाचा वर्ग आणि मुदत दोन्ही दिसतात. त्याचा एक स्क्रीनशॉट काढून मोबाइलमध्ये तारखेसह ठेवला, तर उद्या प्राधिकरणापुढे ‘मी तपासले होते’ हे सांगायला पुरावा राहतो.